शौर्यकथा पुरेत, भुताच्या गोष्टी पाठवा

महाराष्ट्रातील मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी पंधरा ऑगस्ट जवळ आला की तुमच्यापैकी कुणाला तरी जवानांची आठवण होते. पुस्तकांची खोकी बांधली जातात, खोक्यांमागे उभं राहून फोटो निघतो आणि खोकी ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर रवाना होतात. ती जिथं उघडतात त्या बाजूला मी नोकरीची बरीच वर्षं काढली. पायदळात शिपाई म्हणून भरती झालो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि मधल्या काळात पलटणीच्या इन्फर्मेशन रूमची, म्हणजे वाचनखोलीची, किल्ली माझ्याकडे असायची. त्यामुळे खोक्यात काय निघतं ते मला पाठ आहे. वीरांची चरित्रं. रणकथा. मन कसं जिंकावं, राग कसा आवरावा. कुणाच्या तरी माळ्यावरची स्पर्धा परीक्षांची गाइडं, तीही अभ्यासक्रम बदलून गेल्यावरची. एकदा शेअर बाजारावरचा जाडजूड ग्रंथ आला होता. तो आम्ही बंकरच्या हलणाऱ्या दाराला अडकण म्हणून लावला, आणि मला वाटतं त्या खोक्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं पुस्तक तेच.

देणाऱ्याच्या मनाबद्दल माझी तक्रार नाही. पण जो पोरगा रात्री दोन ते चार पहारा देऊन आत आलाय, पापण्यांवरचं बर्फ अजून वितळलेलं नाही, त्याच्या हातात शौर्यकथा कसली देता? शौर्य तो आत्ताच करून आला. त्याला भुताची गोष्ट द्या, खुनाची द्या, फजितीची द्या. गावातल्या दोन भावकीची बांधावरून झालेली भांडणं द्या. प्रेमकथा द्या, आणि ती पांचट असली तरी आमची हरकत नाही. ज्यातून काही शिकायला मिळणार नाही असं काहीतरी द्या, कारण शिकवायला आमच्याकडे माणसांची कमतरता नाही.

हे पत्र त्याच मागणीचं आहे, आणि मागणी नेमकी कळावी म्हणून तिथला हिवाळा थोडा सांगावा लागेल.

१९९९ च्या आधी कारगिल-द्रास भागातल्या उंचावरच्या बऱ्याच पोस्ट हिवाळ्यात रिकाम्या करून खाली यायची पद्धत होती. त्या वर्षी काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. तेव्हापासून तिथं बाराही महिने माणूस असतो. झोजी ला ही साडेअकरा हजार फुटांवरची खिंड बर्फानं बंद झाली की श्रीनगरकडून येणारा रस्ता तुटतो, आणि वरच्या कितीतरी पोस्ट तर त्याआधीच तुटलेल्या असतात. आमच्या भाषेत कट-ऑफ. पीठ, तांदूळ, केरोसीन, औषधं, टिनातली फळं, दारूगोळा हे सगळं कट-ऑफच्या आत, उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचं: आधी ट्रकनं, मग खच्चरांवर, शेवटी पोर्टरच्या आणि आमच्या पाठीवर. या सामानाच्या याद्या मी डोळ्यांखालून घातल्यात. त्यात मेणबत्त्या होत्या, बुटांचं पॉलिश होतं. वाचायला म्हणून काही मला त्यात कधी दिसलं नाही. ते ज्याचं त्यानं चिवड्याच्या आणि लोणच्याच्या बरणीशेजारी, किटबॅगेत कोंबून न्यायचं.

आता तुमचा दिवाळी अंक बघा. तो बाजारात येतो ऐन दिवाळीच्या तोंडावर. घरच्यांनी हौसेनं टपालात टाकला तर दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून तो वर सरकेपर्यंत पोस्टची वाट बंद झालेली. मग हेलिकॉप्टरची प्रतीक्षा. हेलिकॉप्टर आलं की आधी आजारी माणूस खाली, मग औषधं वर, आणि जागा उरली तर टपालाची थैली. माझ्या हाती दिवाळी अंक अक्षय तृतीयेच्या सुमाराला पडलेले आहेत. वार्षिक राशिभविष्याचे निम्मे महिने तेव्हा होऊन गेलेले असायचे, त्यामुळे ते ताडून बघता यायचं, एवढाच काय तो फायदा. (माझं कधीच जुळलं नाही. वृषभवाल्यांचं म्हणे जुळायचं.)

छापणाऱ्यांनी आणखी एक ऐकून घ्यावं. त्या थंडीत गोंदानं चिकटवलेला पुस्तकाचा कणा कडक होतो आणि मधोमध उघडलं की मोडतो. बुखारीत, म्हणजे बंकरमधल्या शेगडीत, केरोसीन जळतं, त्याची काजळी नाकात, उशीवर, चहात आणि अर्थातच पानांवर. तुमचा तो गुळगुळीत आर्ट पेपर हातमोज्यातून उलटत नाही, आणि हातमोजा काढून पन्नास पानं वाचायची तयारी भल्याभल्यांची नसते. मोठ्या आकाराचा अंक स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या धरता येत नाही, दोन्ही हात बाहेर काढावे लागतात. घरी पलंगावर लोळून अंक चाळणाऱ्याला या गोष्टी सुचायचं कारणच नाही, म्हणून सांगतोय.

मग आम्ही पुस्तकं फाडायचो. ग्रंथप्रेमींना वाईट वाटेल, पण कणा मोडलाच आहे तर त्याच्या चार जुड्या करायच्या, प्रत्येक जुडीला सुतळी ओवायची आणि एकाच वेळी चौघांनी वाचायचं. ज्याची पहिली जुडी संपली तो दुसरीवाल्याच्या मागे लागायचा. तिसरी आधी हाती आली तर मेलंय कोण हेच कळायचं नाही. एका हिवाळ्यात एका रहस्यकथेची चौथी जुडी गायब झाली. लांगरीनं, म्हणजे स्वयंपाक्यानं, चूल पेटवायला घेतली असा सगळ्यांचा संशय होता, त्यानं देवाची शपथ घेऊन नाकारलं. इकडं गोष्टीत खून झालेला, वाड्यात पाच माणसं, पाचही खोटं बोलतायत, आणि पुढं काही नाही. पोस्टवर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं नर्सनं मारलं, दुसऱ्याचं म्हणणं धाकट्या भावानं. पहाऱ्याची पाळी बदलताना पुरावे सांगितले जायचे. आमचा प्लाटून हवालदार एरवी वर्तमानपत्राला हात न लावणारा माणूस. त्यानं एका सकाळी बाहेर बर्फात त्या वाड्याचं सँड मॉडेल केलं, माजघर, परसदार, विहीर सगळं, आणि हल्ल्याचं ब्रीफिंग द्यावं तसं काठीनं दाखवत सिद्ध केलं की परसदारातून नर्सला वेळेत येणं शक्यच नाही.

शेवटी कोल्हापूरकडच्या एका नाइकानं त्यासाठी आपली फोनची पाळी खर्च केली. डीएसपीटी म्हणतात त्या सॅटेलाइट फोनला. तेव्हा मिनिटाला पाच रुपयांपर्यंत पडायचे. २०१७ च्या दिवाळीपासून तो दर एक रुपया झाला, ही गोष्ट त्याआधीची. पैशापेक्षाही मिनिटं महाग, कारण मागं रांग. त्यानं बायकोला पोरांची विचारपूस करायच्या आधी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन ते पुस्तक काढायला आणि शेवट वाचून ठेवायला सांगितलं. पुढच्या पाळीला उत्तर आलं: धाकटा भाऊ. नर्सवाल्यांनी वहिनींच्या वाचनावरच शंका घेतली.

त्या फाटक्या पुस्तकानं आम्हाला जवळजवळ अख्खा महिना काढून दिला. त्याच हिवाळ्यात वर आलेल्या प्रेरणादायी पुस्तकांपैकी एकाचंही नाव आज मला आठवत नाही.

सगळे जवान वाचतात असं मी म्हणणार नाही. दहात दोघं वाचतात. पण दोघं वाचतात तेव्हा बाकीचे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांच्या फर्माइशी तुम्हाला थक्क करतील अशा असतात. पाककृतींची पानं आमच्याकडे मोठ्यानं वाचली जायची. जेवणात टिनातली भाजी आणि वर टिनातलाच अननस, आणि वाचणारा म्हणतोय, ‘अळूची पानं उलटी ठेवून शिरा लाटून घ्याव्यात.’ मध्येच कुणीतरी अडवायचं, आमच्याकडं चिंच आधी लावतात म्हणून, आणि मग साताऱ्याची अळूवडी आणि कोकणातली अळूवडी असा सामना रंगायचा. शब्दकोडं पेननं सोडवणाऱ्याला शिव्या पडायच्या. नियम पेन्सिलीचा, म्हणजे खोडून पुढच्याला देता येतं. शिवकाळावरच्या कादंबऱ्यांना मागणी कायम, त्यांची जाडी मात्र किटबॅगेला झेपत नाही. कविता कुणी मागायचं नाही, पण सापडली तर वहीत उतरून घेतली जायची आणि पुढच्या पत्रात बायकोला जायची, कवीचं नाव गाळून.

‘आता सगळ्यांकडे मोबाइल आहे की,’ असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर सियाचीनवर फाइव्ह-जी पोहोचल्याच्या बातम्या आल्या. पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, चार्जिंग जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ, आणि फोन कुठं वापरायचा, कुठं जमा करायचा याचे नियम कडक. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यात फेसबुक-इन्स्टाग्रामबरोबर ऑनलाइन गोष्टी वाचायची ॲपही होती. सुरक्षेचं कारण मला पूर्ण पटतं. कागद कुणाला लोकेशन कळवत नाही, हा त्याचा गुण तुम्ही प्रकाशकांनी तरी ओळखायला हवा. शिवाय रील बघणारा एकटाच हसतो. शेजारच्याला दाखवायला फोन पुढं करेपर्यंत दुसरी रील आलेली असते.

सैनिकांसाठी मराठीत काही निघतच नाही असंही नाही. संरक्षण मंत्रालयाचा ‘सैनिक समाचार’ हा अंक १३ भाषांत निघत आला आहे, मराठी त्यातली एक. त्याची सुरुवात जानेवारी १९०९ मधली, ‘फौजी अखबार’ या नावानं. आणि काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेही १९०९ मध्येच. एकाच वर्षी एक पाळणा फौजेत हलला, एक मराठी घरात. फौजेतल्यानं बातम्या, पदकं, सरकारी योजना सांगायचं काम नेमानं केलं. मनोरंजनाचं खातं तुमच्याकडं होतं, ते झोजी लाच्या पलीकडं वेळेत कधी पोहोचलं नाही.

अमेरिकेत हे काम आधी फसलं, मग जमलं, म्हणून त्याचा दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथल्या ग्रंथपालांनी लोकांकडून सैनिकांसाठी पुस्तकं गोळा केली. ढीगच्या ढीग जमले, त्यात विणकाम शिकवणारी पुस्तकं आणि कालबाह्य पाठ्यपुस्तकंही निघाली. म्हणजे माळे रिकामे करायची वृत्ती आपलीच आहे असं नाही. बरी पुस्तकं होती ती जाड पुठ्ठ्याची, पाठीवर वाहायला जड. तेव्हा १९४३ मध्ये प्रकाशक एकत्र आले आणि सैनिकांपुरत्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. आकार गणवेशाच्या खिशात मावेल एवढा, बहुतेकांची उंचीपेक्षा रुंदी जास्त, पानावर दोन रकाने म्हणजे अंधुक उजेडात ओळ सुटत नाही, कागद पातळ आणि कण्याला तारेच्या पिना. मासिकं छापायच्या यंत्रांवर दोन पुस्तकं एकाखाली एक छापून मधून कापायची. प्रतीला साधारण सहा सेंट खर्च यायचा. लेखक आणि प्रकाशक दोघं मिळून प्रतीमागं एका सेंटवर राजी झाले. १९४७ पर्यंत तेराशेहून जास्त पुस्तकं निघाली, बारा कोटींहून जास्त प्रती. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी तळांवर थांबलेल्या सैनिकांना ती वाटली गेली. यादीत काउबॉयच्या गोष्टी होत्या, खून होते, विनोद होता, प्रेम होतं, कविता होत्या आणि गाजलेल्या जुन्या कादंबऱ्याही. १९४४ च्या निवडणुकीच्या वर्षी, सैनिकांच्या मतावर परिणाम होईल असं काही सरकारी पैशानं वाटायचं नाही असा कायदा झाला आणि त्यात निरुपद्रवी पुस्तकंही अडकायला लागली. प्रकाशकांनी आणि वर्तमानपत्रांनी इतका गोंगाट केला की त्याच ऑगस्टात तो कायदा सैल करावा लागला. या प्रकाशकांचा धंदा बुडाला असं समजू नका. घरी परतलेल्या त्या पोरांना खिशातल्या स्वस्त पुस्तकांची सवय लागली होती.

मी कोट्यवधी प्रती मागत नाही. खिशातलं पुस्तक मराठीला नवं आहे असंही नाही; भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून पातळ रहस्यकथा नेऊन एका रात्रीत संपवणारी पिढी अजून हयात आहे, मी त्यातलाच. मागणं एवढंच. प्रत्येक संपादकानं आपल्या गेल्या वर्षीच्या अंकातून दोन-तीन गोष्टी द्याव्यात: भय, विनोद, रहस्य, काहीही, फक्त उपदेश नको. वर्षभर जुनी गोष्ट शिळी होत नाही. तशा गोष्टींच्या ऐंशी-शंभर पानांच्या पुस्तिका करा, खरखरीत कागद, ठळक टाइप, पिना मारलेल्या, छातीच्या खिशात जाणाऱ्या. लेखकाला नाममात्र का होईना मानधन द्या, जवानांच्या नावावर कुणाचं फुकट घेतलेलं आम्हाला नको. आणि हे सगळं जूनपर्यंत छापून, जुलैत रवाना करा, म्हणजे विंटर स्टॉकिंगच्या, हिवाळ्यासाठी साठवायच्या, सामानाबरोबर वर चढेल. जानेवारीत निम्म्या किमतीला निघणारे न खपलेले गठ्ठे पाठवून मोकळं व्हायचा मोह होईल, तो आवरा. त्या गठ्ठ्यांचा कणा गोंदाचाच असतो.

टपालखर्चाचं गणित मी मांडून पाहिलंय. पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. त्यात नियतकालिकं चालत नाहीत आणि जाहिराती असलेलं छापील साहित्य चालत नाही, म्हणजे दिवाळी अंक थेट बाद. जाहिराती नसलेली गोष्टींची पुस्तिका मात्र बसायला हवी. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक नाहीतर सांस्कृतिक साहित्यापुरती आहे, तेव्हा भुताची गोष्ट ‘सांस्कृतिक’ आहे की नाही यावर काउंटरवरच्या माणसाशी थोडी हुज्जत घालावी लागेल, ती घालायला मी स्वतः येईन.

पाठवायचं कुठं, हाही प्रश्न आहे. मराठी जवान म्हटलं की तुम्हाला बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आठवतं. तिथं जरूर पाठवा. पण त्या पलटणीतल्या पोरांना निदान मराठी बोलायला शेजारी आहे. तोफखान्यात, सिग्नलमध्ये, यंत्रदुरुस्ती करणाऱ्या ईएमईमध्ये सगळ्या प्रांतांची माणसं एकत्र असतात. एखाद्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, लातूरचा एकटाच पोरगा, आणि युनिटच्या लायब्ररीत हिंदी आणि इंग्रजी. मराठी अक्षर त्याला घरून आलेल्या फरसाणाच्या पुडीवरच दिसतं. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर पुस्तिका ट्रान्झिट कॅम्पात ठेवा: जम्मू, चंदीगड, लेह. छुट्टीवरून परतणारा प्रत्येक जण तिथं विमानासाठी किंवा कॉन्व्हॉयसाठी अडकतो. लेहला उतरल्यावर तर उंचीची सवय व्हावी म्हणून सहा दिवस सक्तीनं काढावे लागतात आणि त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ पडून राहायचा हुकूम असतो. हुकमानं पडून राहिलेला माणूस! याहून चांगला वाचक तुम्हाला कुठल्या ग्रंथप्रदर्शनात मिळणार आहे? त्याला एक पुस्तिका उचलू द्या, वर नेऊ द्या, परत मागू नका.

नौदलाच्या जहाजांवर महिनोन्महिने असणारी कोकणातली पोरं आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला जाणाऱ्या तुकड्या आहेत, सीआरपीएफचे कॅम्प आहेत. सगळं एका वर्षात होणार नाही हे मला समजतं. पहिल्या वर्षी एकच सेक्टर धरा.

परवानगीचं काय, असं विचाराल. पार्सल एखाद्या जवानाच्या नावे न टाकता युनिटच्या नावे, आधी पत्रव्यवहार करून पाठवलं तर अडचण येत नाही असा माझा अनुभव आहे. पत्रव्यवहार कुणाशी करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिथली खुर्ची बहुतेक वेळा माझ्यासारख्याच एखाद्या निवृत्त माणसाकडे असते आणि त्याला असलं काम आवडतं. गोष्टी निवडायला आमच्या तालुक्यातले पाच-सहा माजी सैनिक बसायला तयार आहेत. त्यांच्यात एकजण नर्सवाल्या तटातला आहे, तेव्हा रहस्यकथांवर मतभेद होतील. ते आम्ही आपसात मिटवू.

यंदाचे अंक तुमच्या टेबलावर जुळवणीला लागलेच असतील, त्यांना हात लावू नका. गेल्या वर्षीच्या फायली उघडा. पुढच्या जूनसाठी कोण किती गोष्टी देणार आणि छपाईचा भार कोण उचलणार एवढं गणपतीच्या आत कळवलंत तर कागदाचा भाव ठरवून ठेवता येईल.

जय हिंद.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
सातारा तालुका